खोली आपली, व्हरांडा सगळ्यांचा

माणसानं खरं तर कसं राहावं, असं विचारलं की मुंबईच्या भोईवाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडांतून एकच उत्तर येतं : गावी. इथल्या बहुतेकांची मुळं कोकणात नाहीतर घाटावर. गणपतीला किंवा शिमग्याला एसटी पकडली की खरं जगणं सुरू होतं, असं मानणारी पिढी अजून इथं आहे. शहर पोटासाठी, गाव जगण्यासाठी. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यावर कुणी वाद घालत नाही.

वाद घालणारा एक माणूस मात्र इथून हाकेच्या अंतरावर राहत होता. परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन दशकांहून अधिक काळ काढला. गांधीजींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज्य' लिहून यंत्रांच्या आणि शहरांच्या संस्कृतीला नकार दिला आणि पुढे आयुष्यभर खेड्याची बाजू मांडली. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्याच खेड्याला संकुचितपणाचं आणि जातीयतेचं घर ठरवलं. ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा आली, त्याला गावातलं जगणं 'नैसर्गिक' म्हणून विकता येत नाही. आणि शेती करून एका जागी वस्ती करणं ही तरी माणसाची जुनी सवय कुठे आहे? दहा-बारा हजार वर्षांची. त्याआधीचा कैक पटींनी मोठा काळ माणूस छोट्या टोळ्यांनी फिरत होता.

तसं जगणारे लोक आज फार थोडे उरले आहेत. टांझानियातले हाड्झा त्यांपैकी एक. त्यांच्या तळावर साधारण वीस-तीस माणसं असतात. झोपड्या लहान आणि गवताच्या, रांधणं, खाणं, भांडणं सगळं बाहेर. डेव्हिड सॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ हाड्झा प्रौढांची झोप २० दिवस मोजली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. त्या साऱ्या रात्रींत मिळून सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत, असा वेळ निघाला फक्त १८ मिनिटांचा. म्हातारी माणसं लवकर झोपून लवकर उठतात, तरुण उशिरापर्यंत जागतात आणि कुणी ना कुणी कायम जागं असतं. पहारा न नेमता पहारा होतो.

गिरणगावात वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही. तीन पाळ्यांत गिरणी चालायची तेव्हा एकाच खोलीत पहिल्या पाळीचा गडी डबा भरत असे आणि रातपाळीचा त्याच्याच वळकटीवर आडवा होत असे. चाळ सगळी मिळून कधीच झोपत नसे. पोरांचंही तसंच. कांगोच्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांत तान्हं मूल डझनभर हातांतून फिरतं, हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे. इथं आई नळावर गेली की मूल शेजारच्या काकूंकडे आणि शाळेतून आलं की ज्या घरात पोळ्या चालू असतील तिथं.

या राहणीला स्वतःची शिस्त होती. बीडीडी चाळीत मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. दार उघडं आणि पडदा बाजूला, तर या बसा. दार उघडं पण पडदा ओढलेला, तर घरात माणूस आहे, हाक मारा, थांबा. दार लोटलेलं, तर आत पाहुणे तरी आहेत किंवा भांडण तरी. हे कुणी शिकवलं नाही. १६० चौरस फुटांत आठ माणसं राहिली की ते आपोआप ठरतं.

पण म्हणून चाळीची आरती ओवाळायची नाही. १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्यानं, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं (बीडीडी), वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. त्या १९२०च्या दशकात बराच काळ रिकाम्या पडल्या होत्या आणि १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीतल्या काही चाळींचा चक्क तुरुंग झाला. १९२१ मध्ये मुंबईत जन्मणाऱ्या हजार बाळांमागे सहाशेहून अधिक पहिल्या वर्षातच दगावत असल्याची नोंद आहे. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात आणि ते जन्म इथं नोंदलेच जात नसत, म्हणून आकडा फुगला असेल. तरी उरतो तोही भयंकर आहे. मजल्यामागे मोजके संडास, पहाटेच्या रांगा, बाईमाणसाला कपडे बदलायला मोरीचा आडोसा. स्वतः आंबेडकरांनी संधी मिळताच दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं आणि पुस्तकांसाठी मुद्दाम जागा ठेवली. लोकांत राहिलेल्या माणसालाही बंद होणारं दार लागतं. ही चैन नव्हे.

आता ते दार मिळू लागलं आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. ५०० चौरस फूट, घरातच संडास, चाळीस मजली इमारत. तीन पिढ्यांनी वाट पाहिली, त्यांच्या डोळ्यांत पाणी येणारच. भोईवाड्याला लागून असलेल्या नायगावच्या ४२ चाळींचाही पुनर्विकास चालू आहे.

प्रश्न पॅसेजचा आहे. टॉवरमध्ये पॅसेज म्हणजे लिफ्टपासून दारापर्यंतची वाट. तिथं पापड वाळत नाहीत, पोरं अभ्यासाला बसत नाहीत, रात्री कुणी गप्पा मारत नाही. सोसायटीचं कार्यालय आणि तळमजल्याचा हॉल नकाशात असतो, पण सत्तावीस मजले उतरून भाजी निवडायला कुणी जात नाही. माणसं एकत्र येतात ती दाराबाहेर दोन पावलांवर. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडॅमेन या वस्तीत २७ कुटुंबांनी हे ओळखून घरं बांधली : प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं आणि मध्ये एक सामायिक घर. परळच्या माणसाला त्यासाठी डेन्मार्कला जायची गरज नाही. त्याचा शंभर वर्षांचा अनुभव पाठीशी आहे.

म्हणून हा पुनर्विकास करणाऱ्या म्हाडाकडे या सदराची मागणी साधी आहे. नायगावच्या ज्या इमारतींचे नकाशे अजून बदलता येतील, त्यांत दर तिसऱ्या मजल्यावर एक मोकळी, उजेडाची खोली सगळ्यांसाठी सोडावी. आकार जुन्या खोलीचाच, १६० चौरस फूट. बाकडं, पाण्याची तोटी, पंखा आणि एक मोठी खिडकी एवढं पुरे. ती एफएसआयमध्ये धरू नये, ती विकता येणार नाही असं करारातच लिहावं आणि तिची किल्ली कमिटीच्या कपाटात न राहता त्या तीन मजल्यांवरच्या बिऱ्हाडांकडे पाळीपाळीनं राहावी.