अवघड जागेचे दुखणे

खोकताना, शिंकताना, पाण्याची कळशी उचलताना किंवा बसमागे धावताना नकळत लघवी होणे, हे दुखणे आपल्या असंख्य स्त्रियांना आहे. पण ते उच्चारण्याची सोय नाही. अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे डॉक्टर जावई नसला तरी बाई बोलत नाही. ती पाणी पिणे कमी करते, गडद रंगाची साडी नेसते, लग्नकार्याला आणि सभेला जाणे टाळते, आणि हे वयाचे भोग आहेत अशी स्वतःची समजूत घालते.

हे भोग नव्हेत, हा आजार आहे. बाळंतपणे आणि वाढते वय ही त्याची परिचित कारणे. तिसरे कारण लठ्ठपणा. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू एखाद्या झोळीप्रमाणे मूत्राशय व गर्भाशय पेलून धरतात आणि मूत्रमार्ग मिटलेला ठेवण्यास मदत करतात. पोटावर साचलेल्या चरबीचा दाब या झोळीवर रात्रंदिवस पडतो. बाळंतपणांनी ती आधीच सैलावलेली असेल, तर एका शिंकेचा जादा दाबही तिला सोसवत नाही. लठ्ठपणाच्या पाठोपाठ मधुमेह आला की लघवीचे प्रमाण वाढते, मूत्राशयाच्या नसा दुबळ्या होतात आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

यावर उपाय आहे, हेच स्त्रियांपर्यंत पोहोचलेले नाही. अमेरिकेत वजनदार व लठ्ठ अशा ३३८ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांच्या आहार-व्यायाम कार्यक्रमाने ज्यांचे वजन सरासरी ८ टक्के घटले, त्यांच्यात लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. केवळ माहिती दिलेल्या गटात ते २८ टक्क्यांनी घटले. म्हणजे सडपातळ होण्याची अट नाही, थोडा भार उतरला तरी आराम पडतो. ओटीपोटाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला. त्याला ना यंत्र लागते, ना पैसा.

पण वजन उतरवा, हा उपदेश कोणाला करावयाचा? लठ्ठपणा हे खात्यापित्या घरचे लक्षण, ही समजूत आता टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. शहरांत हे प्रमाण ३३ टक्के होते. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते. एकाच देशात, आणि पुष्कळदा एकाच देहात, चरबी आणि पांडुरोग शेजारी नांदतात, याचा अर्थ पोट भरते पण पोषण होत नाही. स्वस्त धान्य दुकानातून मुख्यतः तांदूळ-गहू मिळतो. डाळ, भाजी, दूध, फळे बाजाराच्या दयेवर. उरलेली भूक वडापाव, बिस्किटे आणि साखरेचा चहा भागवतात. दिवसभर बसून शिलाई वा पाकिटे भरण्याचे काम करणाऱ्या बाईला वस्तीत फिरावयास मोकळी जागा नाही आणि वेळ तर मुळीच नाही. तिला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. वजन घटविण्याची औषधे आणि पट्टे विकणारा बाजार याच अन्यायावर पोसला जातो.

दुसरा अन्याय शौचालयाचा. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी मुताऱ्यांच्या हक्काची मोहीम चालविली, तेव्हा पुरुष फुकट लघवी करतात आणि स्त्रीला मात्र पैसे मोजावे लागतात, ही उघड गोष्ट चर्चेत आली. ज्या बाईला तासातासाला जावे लागते, तिच्यासाठी हा दंडच होय. कारखान्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय असावे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले. परंतु भाजीवाली, मोलकरीण, कचरावेचक यांचा कारखाना रस्ताच आहे.

महागाई आणि बेकारी असताना हा प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु १९७२ साली लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांचा अभिमान आपण बाळगतो. मृणालताई गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, कारण घरातला मानला गेलेला पाण्याचा प्रश्न त्यांनी राजकारणात आणला. जी बाई चार तास घराबाहेर राहू शकत नाही, तिला मोर्चात या म्हणून सांगण्याचा अधिकार कोणत्याही चळवळीला नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आशा कार्यकर्ती व परिचारिकेने तिशीपुढील प्रत्येक स्त्रीला हा प्रश्न आपणहून विचारावा आणि व्यायाम शिकवावा. बाळंतपणानंतरच्या तपासणीत त्याचा समावेश व्हावा. रास्त भावाच्या दुकानात डाळ नियमित मिळावी. स्त्रियांच्या मुताऱ्या स्वच्छ, पुरेशा आणि विनामूल्य असाव्यात. सडपातळ स्त्रीलाही हे दुखणे होते आणि वजन उतरूनही काहींना वैद्यकीय उपचार लागतात. म्हणून सरकारी रुग्णालयात त्यासाठी वेगळी वेळ राखून ठेवावी.

लाज ही बाईने बाळगावयाची नाही. तिला पाणी पिण्याची भीती वाटावी अशी शहरे ज्यांनी उभारली, त्यांनी ती बाळगावी.