विश्लेषण : डेन्मार्कने ७२० टनांचे दीपगृह मागे का सरकवले?

डेन्मार्कच्या उत्तर टोकाला, समुद्राच्या कड्यावर उभे असलेले रुबियर्ग क्नूद दीपगृह २२ ऑक्टोबर २०१९ रोजी चाकांवरून सुमारे ७० मीटर मागे नेण्यात आले. दिवा विझून अर्धशतक उलटलेल्या या मनोऱ्यासाठी सुमारे ५० लाख क्रोनर, म्हणजे पाच कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला.

दीपगृह कुठे आहे?

उत्तर जटलंड बेटावर, लोन्स्ट्रुपजवळ, समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटर उंच कड्यावर. हा भूभागही समुद्रानेच बेट केलेला आहे. १८२५च्या वादळात लाटांनी वाळूची चिंचोळी पट्टी फोडली आणि तो मुख्य भूमीपासून तुटला.

दिवा का विझला?

२३ मीटर उंचीच्या या मनोऱ्यात डिसेंबर १९०० मध्ये दिवा लागला. तेव्हा समुद्र सुमारे २०० मीटर दूर होता. मात्र वाऱ्याने उडालेल्या वाळूची टेकडी मध्ये वाढत गेली. जहाजांना उजेड दिसेना, म्हणून १९६८ मध्ये दिवा बंद झाला. आवारात नंतर सुरू झालेले संग्रहालयही वाळूमुळे २००२ मध्ये बंद पडले.

धोका किती जवळ आला होता?

कडा वाळू आणि चिकणमातीचा आहे. तो वर्षाला सरासरी दीड ते दोन मीटर ढासळतो. स्थलांतराच्या वेळी मनोरा आणि कड्याची कड यांत जेमतेम सहा मीटर उरले होते.

मनोरा हलवला कसा?

विटांचे बांधकाम वरून येणारा भार पेलते, पण पायाची एक बाजू खचली की त्याला तडे जातात. त्यामुळे मनोरा उचलताना आणि ओढताना तळ समपातळीत राखणे महत्त्वाचे. तो चाकांवर चढवून रुळांवरून ओढण्यात आला. वेग ताशी साधारण आठ मीटर ठरवला होता. काम एका दिवसात झाले.

भिंत का बांधली नाही?

भिंतीने समुद्र थांबत नाही, त्याचा मारा शेजारी सरकतो. ढासळलेल्या कड्यातील वाळूच आजूबाजूच्या किनाऱ्यांना मिळते. ती अडवली तर तिथली धूप वाढते.

प्रश्न सुटला का?

नाही. सुमारे ४० वर्षे मिळाली, इतकेच. याच कड्यावरचे, १२५०च्या सुमारास बांधलेले मोरुप चर्च २००८ पासून टप्प्याटप्प्याने उतरवावे लागले. दीपगृहाला दरवर्षी सुमारे अडीच लाख पर्यटक भेट देतात. त्याच्या वाट्याला चाके आली, साडेसातशे वर्षांच्या चर्चच्या वाट्याला ती आली नाहीत. समुद्र पुढे येत राहील, तसे काय हलवायचे आणि काय सोडून द्यायचे, हा निर्णय किनाऱ्यावरच्या प्रत्येक वास्तूबाबत घ्यावा लागेल. २०६०च्या आसपास याच मनोऱ्याबाबत तो पुन्हा घ्यावा लागेल.