मॅच्युअर हो, म्हणजे काय?

अप्रेझलमध्ये बॉस म्हणतो, ‘जरा मॅच्युअर हो.’ अर्थ बहुतेकदा एकच : गप्प बस! एफडी मॅच्युअर होते, तिथे निदान तारीख तरी छापलेली असते. मराठी जास्त चोखंदळ. ठेवीची मुदत भरते, आंबा पाडाला येतो, माणूस पोक्त होतो.

मांजरीत १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. द्राक्ष तयार झालं की नाही, हे नुसत्या रंगावर ठरत नाही. रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून गोडी मोजतात. आंबा तोडल्यावर आढीत पिकतो. द्राक्ष मात्र वेलीवरून उतरलं की पुढे पिकत नाही. कच्च्यालाच घाईने टीम लीड करून मग ‘मॅच्युरिटी नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा मांजरीला जाऊन यावं.