शेतीची जाळी आणि सागरी जकात

शेतकऱ्याचा आणि कस्टम खात्याचा प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो. माल बंदरावर उतरतो, कागद व्यापारी भरतो, जकात व्यापारी देतो, आणि ती जकात मालाच्या किंमतींत मुरून आपल्या बांधावर येते. यामुळें हा विषय आपला नव्हे अशी आपली समजूत झाली आहे. ती बरोबर नाहीं. रोपवाटिकेवरील शेडनेट, पीक झांकण्याची जाळी, वैरणीचे गठ्ठे गुंडाळण्याची जाळी, या वस्तु आपल्या दृष्टीनें शेतीचीं साधनें होत. परंतु जकातीच्या पत्रकांत त्यांपैकीं पुष्कळ वस्तु 'कापड' या नांवाखालीं मोडतात, आणि कापडावर बसतो तोच कर त्यांवर बसतो. हा प्रकार न्याय्य आहे काय, आणि नसेल तर उपाय कोणता, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या प्रश्नाचा चांगला खल अमेरिकेंत झाला आहे. तिकडे गवत कापून वाळविल्यावर यंत्रानें त्याचे मोठे गोल गठ्ठे करितात. गठ्ठा तयार झाला कीं यंत्रांतच बसविलेल्या गुंडाळींतून कृत्रिम धाग्याची जाळी त्याच्या भोंवतीं फिरते व तो सुटत नाहीं. ही जाळी परदेशांतून आणणाऱ्या आर. के. डब्ल्यू. क्लर्क्स या कंपनीच्या मालास तेथील कस्टम खात्यानें ६००५ या सदराखालीं घालून शेंकडा १० जकात लाविली. कंपनीचें म्हणणें असें कीं, ही जाळी गठ्ठे बांधण्याच्या यंत्राचाच भाग आहे. आणि शेतीयंत्रांचे भाग तिकडे त्या वेळीं जकातीवांचून येत असत. व्यापारी न्यायालयानें २०२२ सालीं व त्यावरील अपील न्यायालयानें २०२४ सालीं हें म्हणणें अमान्य केलें. जाळी हा यंत्राचा भाग नव्हे, असा निकाल झाला.

निकाल शेतकऱ्याच्या विरुद्ध गेला असें प्रथमदर्शनीं वाटतें. तथापि विचार करितां तो मला योग्य वाटतो. शिवणयंत्राची सुई यंत्राचा भाग आहे, दोरा नव्हे. सुई मोडली तर यंत्र अपुरें होतें. दोरा मात्र कपड्याबरोबर निघून जातो. गठ्ठ्याची जाळीही गठ्ठ्याबरोबर शेताबाहेर जाते, आणि जाळी नसेल तेथें सुतळीनेंही गठ्ठा बांधितां येतो. तिला यंत्राचा भाग म्हणावयाचें, तर मग मळणीयंत्राच्या तोंडाशीं धरलेलें पोतेंही यंत्राचा भाग म्हणावें लागेल!

यांतील मूळ तत्त्व ध्यानीं घेतलें पाहिजे. जगांतील बहुतेक राष्ट्रें मालाची वर्गवारी एकाच पद्धतीनें करितात. ती पद्धति १९८८ पासून अमलांत आहे. तिचे पहिले सहा अंक सर्वत्र सारखे असतात, व आपल्या देशाचें पत्रकही त्याच धर्तीचें आहे. ही वर्गवारी सामान्यतः वस्तु कशाची व कशी केली हें पाहते, ती कोण वापरणार हें क्वचितच पाहते. कृत्रिम धागा एक मिलिमीटरपेक्षां जाड, किंवा पट्टी पांच मिलिमीटरपेक्षां रुंद असेल, तर तो माल प्लॅस्टिकच्या बाजूस जातो. त्याहून बारीक असेल तर कापडाच्या बाजूस येतो. त्यांतही ताण्याच्या धाग्यांचे टाके एकमेकांत अडकवून केलेली जाळी असेल तर ती बहुधा ६००५ मध्यें येते. मग ती टोमॅटोवर घाला, वा खिडकीस लावा.

हें तत्त्व आम्हां महसुली लोकांस नवें नाहीं. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी पाहणी सुरू केली, तिच्यांत जमिनीची प्रत आण्यांत लाविली ती मातीची खोली व जात पाहून, त्या वर्षीं उभें असलेलें पीक पाहून नव्हे. कुळानें स्वतःच्या पैशानें विहीर खणली तर त्या सुधारणेपायीं आकार वाढवूं नये, हेंही या पद्धतींत पुढें मान्य झालें. याचा लाभ कोणास झाला? आपणांसच झाला. आकारणी डोळ्यांस दिसणाऱ्या व मोजतां येणाऱ्या गुणावर ठेविली म्हणजे कामगाराच्या मर्जीस जागा उरत नाहीं.

याउलट, 'शेतीसाठीं' एवढ्या शब्दावर सूट दिली तर काय होईल हें सांगावयास ज्योतिषी नको. मीं दफ्तरांत आयुष्य घालविलें आहे. जेथें सवलत उपयोगावर, तेथें उपयोगाचा दाखला. जेथें दाखला, तेथें हेलपाटे. आणि ज्यास हेलपाट्यांची सवय व साधनें आहेत, तो व्यापारी दाखला अगोदर मिळवितो. खरा शेतकरी मागें राहतो.

ही भीति काल्पनिक नव्हे. स्वस्त आयातीनें देशी कारखान्यांस झळ लागते म्हणून २०२४ च्या मार्चांत सरकारनें कांहीं कृत्रिम निटेड कापडांस किलोस साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत ठरविली. पुढें २०२५ च्या अंदाजपत्रकांत निटेड कापडाच्या नऊ बाबींवर शेंकडा २० किंवा किलोस ११५ रुपये, यांपैकीं जें अधिक तें, अशी जकात ठेविली. हिशेब करून पाहावा. किलोस ५७५ रुपये किंमतीच्या कापडास दोन्ही आंकडे सारखेच. पण २०० रुपये किलोच्या कापडास ११५ रुपये म्हणजे शेंकडा साडेसत्तावन्न! या नऊ बाबी ६००४ व ६००६ या सदरांतील आहेत. ६००५ त्यांच्या मध्यें बसलें आहे. शेजारच्या खान्यांत एवढी तफावत पडली म्हणजे महाग खान्यांतला माल स्वस्त खान्यांत ढकलण्याचा मोह कोणास तरी होणारच. तसें झालें कीं अधिकारी सरसकट संशयानें पाहूं लागतो, आणि शेतीची प्रामाणिक जाळी बंदरावर अडकून पडते. हंगाम मात्र कोणासाठीं थांबत नाहीं.

मग उपाय नाहीं काय? आहे, आणि तो त्याच ६००५ सदरांत लिहिलेला आहे. हिंवतापाच्या डांसांपासून रक्षण करणाऱ्या औषधी जाळीच्या कापडासाठीं २०१७ च्या आवृत्तींत एक स्वतंत्र बाब घातली गेली. तिच्यांत 'मच्छरदाणीसाठीं' एवढेंच म्हणून सोडिलें नाहीं. धागा कोणता, वजन चौरस मीटरास ३० ते ५५ ग्रॅम, छिद्रें चौरस सेंटिमीटरास २० ते १००, औषधें अमुक, असें सर्व मोजून सांगितलें आहे. अशा बाबीस दाखला लागत नाहीं, तराजू व भिंग पुरतें. उपयोगाची कळकळ वस्तूच्या वर्णनांत उतरविली, हें तिचें मर्म होय.

शेतीच्या जाळीसही तसेंच करितां येईल. शेडनेटसाठीं भारतीय मानक १६००८ अगोदरच अस्तित्वांत आहे. त्यांत पट्टीच्या धाग्याची व एकेरी गोल धाग्याची जाळी असे दोन भाग निरनिराळे केले आहेत. पहिले सहा अंक बदलणें एकट्या देशाच्या हातीं नाहीं. परंतु त्यापुढील दोन अंक आपल्या सरकारच्या हातचे आहेत. त्यांत मानकाच्या मापांवर शेतीच्या जाळीची स्वतंत्र बाब करावी, आणि तिचा दर शेतकऱ्यास सोसेल असा ठेवावा.

देशी जाळीकारखानदार यास हरकत घेतील. त्यांचें हित आम्हांसही हवें आहे. परंतु आयात मालावर जकात चढली कीं देशी मालाचा भावही तिच्या आडोशानें चढतो, आणि ते पैसे शेवटीं रोपवाटिकावाल्याच्या व बीजोत्पादकाच्या खिशांतून जातात, हें त्यांनींही नाकारूं नये. दर किती असावा यावर वाद होऊं शकेल. बाब स्वतंत्र असावी यावर वाद नसावा, कारण बाब वेगळी झाल्यावांचून शेतीसाठीं किती जाळी येते व तिच्यावर किती कर जातो हा आंकडाच उजेडांत येणार नाहीं.

तेव्हां आपल्या मंडळानें 'शेतकऱ्यास सूट द्या' असा मोघम अर्ज न करितां, सभासदांकडून जाळीचे नमुने, वजनें व पावत्या गोळा करून, अंदाजपत्रकापूर्वीं अर्थखात्याकडे व वस्त्रोद्योगखात्याकडे मोजमापांसह निवेदन पाठवावें. दफ्तरांत गाऱ्हाण्यास शेरा मिळतो. आंकड्यास उत्तर द्यावें लागतें.