दातांना ‘बस’ म्हणणारे बारीक हुकूम

बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, पण त्याची तयारी आईच्या पोटात सहाव्या-सातव्या आठवड्यापासूनच सुरू झालेली असते. दुधाचे २०, पुढे कायमचे ३२. पुढचे धारदार, मागचे उंचवट्यांचे. अल्लाहने हा हिशेब कसा बसवला आहे, ते पाहण्यासारखे आहे.

पेशीतला डीएनए म्हणजे मूळ किताब. दात घडवताना तिच्यातला हवा तेवढा मजकूर उतरवून घेतला जातो. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. तिच्यावरून प्रथिने बनतात. पण प्रत्येक संदेश अखंड अमलात येत राहिला तर काम बिघडेल. म्हणून सुमारे २२ अक्षरांचे चिमुकले मायक्रो-आरएनए नेमलेले असतात. ते संदेशाला चिकटून त्याचे काम थांबवतात किंवा कमी करतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर कृमीत हा प्रकार दाखवून दिला. २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

दाताशी याचा संबंध काय? मायक्रो-आरएनए कापून तयार करणारे ‘डायसर’ नावाचे एक विकर असते. शास्त्रज्ञांनी उंदरांच्या भ्रूणात दात घडवणाऱ्या बाहेरच्या थरापुरते ते बंद केले. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढचे दात जास्तीचे आले, पण त्यांना फाटे फुटलेले आणि वर इनॅमल नाही. दाढा उंचवट्यांशिवाय सपाट. थांबवणारे गेले, तेव्हा दात वाढले, पण चावण्याच्या कामाचे राहिले नाहीत.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, आपले नाही. आपल्या दातावर इनॅमल चढवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपून जातात. त्यामुळे किडलेले इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असे आपल्या घरांत सर्रास म्हटले जाते. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे जी नवी दाढ येते, ती कायमची असते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून अम्मी-अब्बा तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडते. मुलगा किंवा मुलगी सहा वर्षांची झाली की उजेडात तोंड उघडून ती दाढ बघा. मिस्वाकची सुन्नत मुलांना याच वयात लावा, रात्री झोपताना ब्रशही करायला लावा, आणि दाढेवर काळा डाग दिसला तर ठणका लागायची वाट न पाहता दातांच्या डॉक्टरांकडे न्या.