शून्यानंतरचे आकडे

हैदराबादचा एस.टी.डी. कोड ०४० आणि चेन्नईचा ०४४. उलट पिन कोड पाहावा, तर हैदराबादचा ५००००१ आणि बीदरचा ५८५४०१. टेलिफोनने आपल्याला चेन्नईच्या पंक्तीला बसवले, टपालाने बीदरच्या. मग हैदराबाद नेमके कोणाचे? माझ्या मते आकड्यांना हा प्रश्न विचारूच नये.

एस.टी.डी.ची योजना साधी आहे. आरंभीचे शून्य म्हणजे 'बाहेरगावी बोलावयाचे आहे' ही एक्स्चेंजला दिलेली सूचना. शून्य वगळता कोड व स्थानिक नंबर मिळून दहा आकडे भरतात. मोठ्या शहरात टेलिफोन अधिक, म्हणून हैदराबादला ४० आणि पुढे आठ आकडे. नांदेडला २४६२ आणि पुढे सहा. आखूड कोड हा शहराचा मान नव्हे, हिशेबाचा ताळा आहे.

जुने हैदराबाद राज्य १९५६ साली भाषावार विभागले गेले. आज नांदेड ०२४६२, निजामाबाद ०८४६२ आणि बीदर ०८४८२. तेलुगू निजामाबाद व कानडी मुलखातले बीदर एका ०८४ मध्ये सुखाने नांदतात. गोव्याला टपालाने ४०३ देऊन महाराष्ट्राशेजारी बसवले, टेलिफोनने ०८३२ देऊन बेळगावच्या ०८३१ शेजारी. म्हणून गोवेकर काही बदलला नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिन कोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी भाषक आणि संस्कृतचे कवी. पत्त्याची भाषा कोणतीही असो, पत्र बिनचूक पोहोचावे, हीच त्यांच्या आकड्यांची कामगिरी.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बिलही पाहावे. आमचे आजोळ बीदर. एस.टी.डी.चा दर अंतरावर ठरत असे. त्यामुळे बीदरहून हैदराबादला बोलणे दूरच्या बंगळूरला बोलण्याहून स्वस्त पडे. राज्य वेगळे म्हणून दंड नव्हता. पुढे मोबाइल आला, त्याची मंडळे बहुतेक राज्यांच्या हद्दींवर आखली गेली, आणि हद्द ओलांडताच रोमिंगचा आकार बिलात दिसू लागला. तो कित्येक वर्षे टिकला. मैलांची जागा सीमेने घेतली की खर्च सामान्य माणसाच्या खिशातून जातो.

कोणी म्हणेल, राज्याची हद्द म्हणजे नुसता कोड नव्हे. शाळेची, कचेरीची, नोकरीची भाषा तिच्यावर ठरते. हे मान्य आहे. आपल्या भाषेत शिकण्याच्या आणि अर्ज करण्याच्या हक्कासाठी जरूर भांडावे. पण शेजारी आपला की परका, हे त्या रेषेवरून ठरवू नये. खतावणीत खात्याला नंबर देतात तो खाते सापडावे म्हणून, खातेदाराची जात लावण्यासाठी नव्हे.

आजोळी फोन लावला की आजीशी मराठीत बोलणे होते. मग शेजारच्या काकू रिसीव्हर घेतात आणि कानडी सुरू होते. कोड मात्र आम्ही एकदाच फिरवलेला असतो.