वॉरंटीत बदलून मिळणारी बॅटरी : ग्राहकाचा हक्क आणि दुकानदाराची दियानत

परळी वैजनाथ हे वीज तयार करणारे गाव आहे. येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. आज येथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तसे याच गावात इन्व्हर्टर आणि बॅटरीचा धंदा चांगला फोफावला. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत त्याने मूळ धरले. २०१३ साली पाण्याअभावी केंद्राचे संच बंद ठेवण्याची पाळी आली. आता पूर्वीसारखे भारनियमन राहिलेले नाही, पण लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नाही. शिलाई मशीनला मोटर लावून कपडे शिवणारी बाई, झेरॉक्सवाला, मोबाईल दुरुस्त करणारा तरुण, क्लासेस चालवणारा शिक्षक या सर्वांची रोजी थोडीफार बॅटरीवर टेकलेली आहे.

म्हणून वॉरंटीच्या मुदतीत बॅटरी बसली की पुढे काय होते, हा विषय आम्ही आज घेतला आहे. ग्राहक मृत बॅटरी हातगाडीवर घालून दुकानात आणतो. आठ-दहा दिवस ती चार्जिंगला लावून ठेवली जाते. मग निरोप येतो की, बॅटरी पास झाली, पण ते मॉडेल आता येत नाही. थोडे पैसे टाका आणि मोठी घेऊन जा. ग्राहक विचार करतो की फुकटात काहीतरी मिळते आहे, वर हजार-दोन हजार गेले तर गेले. येथेच तो चुकतो. फुकट काही मिळत नसते. वॉरंटीची किंमत त्याने पहिल्या दिवशीच मोजलेली असते.

वॉरंटीचा कागद कसा वाचावा ते आधी पाहू. बॅटरीवर ‘३६ अधिक २४ महिने’ असे काहीसे लिहिलेले असते. ग्राहक त्याची बेरीज करून पाच वर्षे समजतो. प्रत्यक्षात पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी बदलून मिळते आणि पुढच्या २४ महिन्यांत फक्त नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते. या दुसऱ्या भागाला प्रो-राटा म्हणतात. जितका वापर जास्त झाला तितकी सूट कमी, असा त्याचा हिशेब असतो. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. गोम आहे ती सूट कशावर मोजायची यात.

सूट छापील किमतीवर मोजली जाते. परंतु बॅटरी छापील किमतीला कोण विकत घेतो? समजा, छापील किंमत २०,००० रुपये आहे आणि बाजारात तीच बॅटरी १४,००० रुपयांना मिळते. प्रो-राटाची सूट २५ टक्के बसली तर ग्राहकाला १५,००० रुपये भरावे लागतील. म्हणजे वॉरंटीचा लाभ घेणारा माणूस रस्त्यावरच्या गिऱ्हाइकापेक्षा हजार रुपये जास्त देऊन जातो! शिवाय जुनी बॅटरी बहुधा कंपनीकडे जमा होते. तीच बॅटरी त्याने मोडीत दिली असती तर आतल्या शिशाचे म्हणून समजा अडीच हजार सुटले असते आणि नवी त्याला साडेअकरा हजारात पडली असती. साडेतीन हजारांचा फरक आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईला एवढे पैसे मिळवायला किती ब्लाऊज शिवावे लागतात, ते वाचकांनी आपल्या घरी विचारावे.

तेव्हा मुदतीच्या दुसऱ्या भागात बॅटरी गेली तर आमचे मत स्पष्ट आहे. आधी बाजारभाव काढावा, जुन्या बॅटरीची मोड धरावी आणि मगच वॉरंटीचा कागद पुढे करावा. पुष्कळ वेळा तो कागद घरी ठेवलेलाच बरा. मात्र सूट मोठी असेल आणि नव्या बॅटरीला नवी वॉरंटी पूर्ण मिळत असेल तर गणित फिरते. हे विचारून, बिलावर लिहून घ्यावे.

पहिल्या भागात, म्हणजे बॅटरी पूर्ण बदलून मिळण्याच्या मुदतीत, प्रश्न निराळा आहे. बदलून आलेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी नसते, जुन्यातली उरलेली मुदतच तिला लागू होते. चौतिसाव्या महिन्यात बॅटरी बदलली तर फुकट बदलीचे दोनच महिने शिल्लक राहतात. हे आधी सांगितले असेल तर तक्रारीला जागा नाही. पण दुकानदार पैसे भरून मोठी बॅटरी घ्यायला सांगतो तेव्हा त्या मोठ्या बॅटरीला मुदत जुनी की नवी, हे तो बोलत नाही. ग्राहकाने वरचे पैसे भरले आणि मुदत मात्र दोन महिन्यांचीच मिळाली, असा सौदा आमच्या मते सरळ नाही.

आणि मोठी बॅटरी कशाला हवी? १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. दोन पंखे ७५ वॉटचे आणि चार दिवे १० वॉटचे धरले तर भार १९० वॉट होतो. वाया जाणारी वीज वजा केली तरी पाच-सहा तास सहज निघतात. आज परळी शहरात सलग पाच-सहा तास वीज जाण्याचे दिवस किती? शिवाय इन्व्हर्टरचा चार्जर लहान आणि बॅटरी मोठी असली आणि वीज वरचेवर जात असली तर ती पुरती भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेट साचते आणि ती लवकर मरते. म्हणून तीच क्षमता, त्याच जातीची, म्हणजे ट्युब्युलरच्या जागी ट्युब्युलर, आणि अलीकडच्या उत्पादन तारखेची बॅटरी मागावी. तारखेचा संकेत अंगावर कोरलेला असतो, तो दुकानदाराकडून उलगडून घ्यावा. दुरुस्त करून, पुन्हा चार्ज करून पाठवलेली बॅटरी असेल तर तसे सांगण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे.

कायदा याबाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे. पूर्वीचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष मालाच्या जागी तशाच वर्णनाचा, दोष नसलेला नवा माल देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश जिल्हा आयोग देऊ शकतो. ‘तशाच वर्णनाचा’ हे शब्द लक्षात ठेवावेत. ते मॉडेल बंद झाले ही कंपनीची अडचण आहे, त्याचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा? बरोबरीचा माल द्यावा, नाहीतर किमतीचे बोलावे. बिल न देणे हीही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आमच्याकडे मात्र पांढऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून देण्याची सवय जात नाही आणि ग्राहकही चार पैसे वाचतात म्हणून ती खिशात घालतो. नंतर वॉरंटी कार्डावर ना शिक्का ना तारीख.

हे सारे कायद्याचे झाले. आमच्या वाचकांत दुकानदारही आहेत, त्यांच्याशी थोडे वेगळे बोलायचे आहे.

सदोष मालाबाबत इस्लामी फिकहमध्ये ‘खियारे-ऐब’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. विक्रीच्या वेळी मालात असलेला दोष नंतर उघड झाला तर खरेदीदाराला माल परत करण्याचा अधिकार मिळतो. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ ही संहिता तयार झाली. तिच्या ३३७ व्या कलमात हाच नियम आहे. माल परत करा, नाहीतर ठरलेल्या किमतीत ठेवून घ्या, माल ठेवून किंमत तोडून मागू नका, असा त्याचा आशय आहे. म्हणजे निवड खरेदीदाराची आहे. त्याच्या वतीने निवड करण्याचा अधिकार विक्रेत्याला दिलेला नाही.

वॉरंटी याच्याही पुढे जाते, कारण ती विक्रीनंतर उपजलेल्या दोषाचीही हमी घेते. अशा शर्ती चालतात का? मजल्लाच्या १८८ व्या कलमाने बाजारात रूढ असलेली शर्त मान्य केली आहे. कुलूप विकताना ते दाराला ठोकून देण्याची शर्त हे तेथलेच उदाहरण आहे. तेव्हा वॉरंटी ही दुकानदाराची मेहरबानी नसून कराराचा भाग आहे, आणि करार पाळण्याची आज्ञा कुरआनने सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत दिली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. पाऊस लागला होता, विक्रेत्याने भिजवले नव्हते. तरीही ओले धान्य वर का ठेवले नाही, हा प्रश्न त्याला विचारला गेला. बॅटरी दुकानदाराने बिघडवलेली नसते, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न ओले धान्य वर ठेवण्याचा आहे. उरलेली मुदत किती, सूट कशावर, वरचे पैसे कशाचे, हे सर्व गल्ल्यावर उघड असावे. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफ्याचे कापड व्यापारी होते. दोष असलेले कापड भागीदाराने न सांगता विकले तेव्हा त्यांनी आलेली रक्कम दान करून टाकली, असे चरित्रकार नोंदवतात. तोटा सोसूनही धंदा चालला, कारण गिऱ्हाइकाला त्यांचा शब्द माहीत होता.

दुकानदाराची बाजूही आम्हांस ठाऊक आहे. कंपनीचा इंजिनिअर लातूरहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून सवडीने येतो. दावा मंजूर होईपर्यंत ग्राहक रोज दुकानात येऊन आवाज चढवतो. वाहतुकीचा खर्च बहुधा दुकानदाराच्या अंगावर पडतो आणि कंपनी दावा नाकारते तेव्हा शिव्या त्यालाच खाव्या लागतात. अशा वेळी गिऱ्हाइकाला मोठी बॅटरी देऊन मोकळे व्हावेसे वाटले तर नवल नाही. काही दुकानदार दावा सुटेपर्यंत हंगामी बॅटरी देतात. ही चाल फार चांगली आहे, तिचे थोडे भाडे घेतले तरी आमची हरकत नाही, फक्त ते आधी सांगावे.

आणि ग्राहक काही कमी नाहीत. डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचे पाणी घालायचे, पातळी वर्षभर बघायचीच नाही, आणि बॅटरी मेली की कंपनी चोर! काहीजण तर मुदत संपल्यावर दुकानदाराला मागची तारीख घालून बिल मागतात. ओळखीचा माणूस, त्यात जमातीतला, म्हणून दुकानदारही लिहून देतो. यालाही फसवणूकच म्हणावे लागेल, मग फसणारी कंपनी कितीही मोठी असो.

परदेशात हा व्यवहार कसा चालतो याचे एक मौजेचे उदाहरण आहे. अमेरिकेत हौसेने मासे धरणाऱ्यांसाठी महागड्या काठ्या बनवणाऱ्या कंपन्या आहेत. व्हर्माँट राज्यातील ऑर्व्हिस ही त्यांतली जुनी, १८५६ ची. तिने आपल्या अशा काठ्यांना २५ वर्षांची हमी दिली. काठी पाय पडून मोडली तरी हमी लागू, पण ठरलेली हाताळणी फी भरायची. आमच्याकडे नागापूरच्या वाण धरणावर गळ टाकणारा काठी मोडली की दुसरा वेळू तोडतो, त्याला हमी लागत नाही. थट्टा सोडा, पण त्या पद्धतीत घेण्यासारखे हे की, फी आधी जाहीर असते. अपघाताने मोडले की कारखान्याच्या दोषाने, यावर गल्ल्यावर हुज्जत होत नाही. २५ वर्षे कोणी बॅटरीला मागत नाही. पण वाहतूक आणि तपासणीची फी किती, ती कोणी भरायची, हे विक्रीच्या दिवशीच बिलामागे छापायला काय हरकत आहे?

दावा अडलाच तर बीड गाठण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेथे कंपनीपर्यंत तक्रार जाते आणि दुकानदाराशी संबंधही बिघडत नाहीत. त्याने काम झाले नाही तर ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सोबत पक्के बिल, शिक्का असलेले वॉरंटी कार्ड, बॅटरीच्या अनुक्रमांकाचा फोटो आणि दुकानात जमा केल्याची पोच ठेवावी. पोच मागायला लोक लाजतात. बॅटरी जमा करताना एक ओळ लिहून सही घेणे यात अविश्वास कसला? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असे कुरआनच सांगते, आणि दुरुस्तीला टाकलेली बॅटरी म्हणजे दुकानदाराकडे ठेवलेली आपली वस्तूच आहे.

जादा पैसे घेऊन विकली जाणारी ‘वाढीव वॉरंटी’ हा आणखी एक प्रकार हल्ली फ्रीज आणि मोबाईलबरोबर गळ्यात मारला जातो. तिच्यात विम्यासारखी अनिश्चितता येते का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यावर सवडीने स्वतंत्रपणे लिहू.